रेणूंचा ‘चित्रपट’ नेमका कशाला म्हणायचे?
रासायनिक बंध तुटताना अणू सेकंदाला साधारण 1 किलोमीटर वेगाने दूर जातात. म्हणजे 1 अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग) सरकायला त्यांना 100 फेमटोसेकंद पुरतात. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. ही हालचाल टिपायची तर साधन त्याहून चपळ हवे, आणि बराच काळ तसे साधनच नव्हते. 1950 च्या सुमारास एका झगझगीत प्रकाशझोताने रेणू फोडायचा आणि थोड्या उशिराने दुसऱ्या झोताने तो तपासायचा ही पद्धत आली, पण तिची मजल मायक्रोसेकंदांपर्यंतच, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतच होती. लेसर आल्यावर मोड-लॉकिंगमुळे, म्हणजे लेसरमधल्या प्रकाशलहरी एका तालात आणून अतिलहान स्पंद काढण्याच्या तंत्रामुळे, 1960 च्या दशकातच पिकोसेकंद (हजार फेमटोसेकंद) हाती आले. 1981 मध्ये डाय लेसरचे (रंगद्रव्याच्या द्रावणावर चालणाऱ्या लेसरचे) स्पंद 100 फेमटोसेकंदांच्या खाली गेले आणि खरी वाट मोकळी झाली.

अशा स्पंदांच्या प्रयोगांतही एक स्पंद रेणू फोडतो आणि दुसरा तपासतो. त्यांत घड्याळाचे काम आरसा करतो. आरसा दीड मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मागे सरकवला की प्रकाशाचा जाण्यायेण्याचा मार्ग 3 मायक्रॉनने वाढतो आणि तपासणारा स्पंद 10 फेमटोसेकंद उशिरा पोहोचतो. 1987 मध्ये आयोडीन सायनाइडचा बंध सुमारे 200 फेमटोसेकंदांत तुटताना याच रीतीने पाहिला गेला. पुढे सोडियम आयोडाइडचे अणू लांब जाऊन परत येताना दिसले, एका फेरीला साधारण सव्वा पिकोसेकंद. 1999 चे रसायनशास्त्राचे नोबेल याच कामाला मिळाले.

तेव्हापासून ‘रेणूंचा चित्रपट’ हा शब्द रूढ झाला आणि गुंताही तिथेच सुरू झाला. या प्रयोगांत अणूंच्या जागा दिसत नव्हत्या, रेणू कोणता रंग शोषतो ते दिसत होते. जागा त्यावरून गणिताने काढाव्या लागत. शिवाय फ्रेम एकाच रेणूच्या नसतात. असंख्य रेणूंची सरासरी घ्यायची, प्रयोग पुन्हा करायचा, आरसा किंचित सरकवायचा, असे करत फ्रेम जमतात. म्हणून माझ्या मते हा शब्द निदान 2003 पर्यंत तरी उसना होता. त्या वर्षी 600 फेमटोसेकंदांच्या इलेक्ट्रॉन स्पंदांनी ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा वितळताना पाहिला. स्फटिकातून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांनी पडद्यावर उमटवलेली रेखीव वलये साडेतीन पिकोसेकंदांत विरली आणि द्रवाचे धूसर वलय उरले. इथे रचनेची खूण थेट पडद्यावर होती. या टप्प्याला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळत नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात आणि स्पंद पसरतो, ही अडचण सांभाळून ते साधले होते.

2009 पासून कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, क्ष-किरणांचे मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर (वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोतापासून प्रकाश काढणारे लेसर) चालू झाले. त्यांचा पूर्ण झोत एका सूक्ष्म स्फटिकावर पडला की स्फटिक उद्ध्वस्त होतो, पण त्याआधी विवर्तनचित्र, म्हणजे विखुरलेल्या किरणांचे रचना सांगणारे चित्र, उमटलेले असते. प्रत्येक फ्रेमला नवा स्फटिक. त्यात क्ष-किरणांचा स्पंद आणि रेणूंना चेतवणारा लेसर स्पंद यांची वेळ दर खेपेला मागेपुढे होई. तेव्हा प्रत्येक स्पंद कधी पोहोचला ते मोजून फ्रेम नंतर क्रमाने लावण्याची युक्ती निघाली.

2023 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलनंतर ॲटोसेकंद (फेमटोसेकंदाचा हजारावा भाग) स्पंद याच मालिकेतली पुढची पायरी म्हणून मांडले जातात. पण ते काम अणूंच्या नव्हे, इलेक्ट्रॉनांच्या हालचालीचे आहे. शंभर ॲटोसेकंदांत अणुकेंद्र जवळपास जागचे हलतही नाही.