बदललेले दर वेगळे काढणारी रेटलिस्ट फाइल : वापरण्यापूर्वी एकदा वाचा

कंपनीचे नवे दर आले की दोन-अडीच हजार आयटमांपैकी बदलतात पन्नास-साठ, आणि किरकोळ दुकानदारांना पाठवायचे असतात तेवढेच. ते शोधून दुसऱ्या शीटवर नेण्याचे काम या एक्सेल फाइलमधला मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्राम, करतो. आयटम शे-दीडशेच असतील तर मॅक्रोच्या भानगडीत पडू नका, साध्या फिल्टरने भागते.

फाइलमध्ये ‘दर’ आणि ‘बदल’ अशी दोन शीट दिसतात. ‘दर’मध्ये एखादा दर बदलून एंटर मारला की त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात तारीख-वेळ आपोआप पडते. सगळे दर भरून झाले की वरचे ‘बदल काढा’ बटण दाबा. तारीख पडलेल्या ओळी ‘बदल’मध्ये जातात आणि ‘दर’मधल्या तारखा पुसल्या जातात.

दर टाइप केल्याक्षणी ओळ का जात नाही, असे बरेच जण विचारतात. तसे करता येते, पण आम्ही मुद्दाम केलेले नाही. समजा, २५ एमएमच्या बॉल व्हॉल्व्हचा दर १४५ वरून १५४ करायचा आहे. घाईत ४५१ पडले, मग ५१४, मग १५४. लगेच कॉपी झाली असती तर ‘बदल’मध्ये एकाच व्हॉल्व्हच्या तीन ओळी लागल्या असत्या आणि दुकानदाराचा फोन आलाच म्हणून समजा. बटणामुळे जातो तो शेवटचा दर: कोड, नाव, जुना दर १४५, नवा दर १५४.

हा जुना दर तिसऱ्या, लपवलेल्या शीटवरून येतो. तिथे मागच्या वेळच्या दरांची प्रत असते आणि आयटम कोडवरून जुळणी होते. म्हणून कोड दोनदा येऊ देऊ नका आणि ते शीट डिलीट करू नका. दर लिहिताना नुसता आकडा लिहा. ‘१५४/-’ लिहिले की एक्सेल त्याला अक्षरे समजते, आकडा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. तारीख पडते ती सेलमध्ये कोणी टाइप केले किंवा पेस्ट केले तरच. फॉर्म्युल्याचे उत्तर बदलले तर एक्सेल मॅक्रोला तसे कळवत नाही. वरच्या सेलमधली सूट १० टक्क्यांवरून १२ केली तर खालचे सगळे निव्वळ दर बदलतील, पण तारीख एकाही ओळीला पडणार नाही. अशा वेळी ‘सगळे तपासा’ हे दुसरे बटण वापरा. ते प्रत्येक दर लपवलेल्या प्रतीशी ताडून पाहते. थोडा वेळ घेते, पण काही सुटत नाही. ‘बदल’मध्ये फॉर्म्युले न जाता नुसते आकडे जातात, त्यामुळे पाठवलेली यादी नंतर आपोआप बदलत नाही.

एक गैरसोय आधीच सांगून ठेवतो. मॅक्रोने शीटवर काही लिहिले की एक्सेलची अनडूची यादी पुसली जाते, आणि इथे तर प्रत्येक दरामागे तारीख लिहिली जाते. म्हणजे कंट्रोल-झेडने जुना दर परत येणार नाही. मोठे काम काढण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा.

सेव्ह करताना प्रकार ‘एक्सएलएसएम’च ठेवा. ‘एक्सएलएसएक्स’ केलात तर आकडे राहतील, मॅक्रो जाईल. हा मॅक्रो मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये चालत नाही, काम कॉम्प्युटरवरच करायचे.

ईमेलने आलेली फाइल उघडल्यावर लाल पट्टी येऊन मॅक्रो अडवला जाऊ शकतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून ही खबरदारी घेतली आहे आणि ती योग्यच आहे. फाइल बंद करा, तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर टिक करा, मग उघडा. हे फक्त आम्ही पाठवलेल्या फाइलसाठी करा. आमच्या नावाने अचानक फाइल आली तर आधी फोन करून विचारा.

मध्येच एररची चौकट आली तर तिचा फोटो काढा, ‘डीबग’ न दाबता ‘एंड’ दाबा. त्यानंतर तारखा पडणे बंद झालेले असू शकते, म्हणून फाइल सेव्ह करून एक्सेल पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा. एखाद्या आयटमचा दर आहे तोच पुन्हा टाइप करून पाहा. तारीख पडली तर काम सुरू ठेवा. नाही पडली तर तो फोटो आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवा.