पोरगं वाचत नाही, पण का वाचत नाही ते शोधणार कोण?

"अहो त्याला वाचताच येत नाही, घरी काही अभ्यास घेता की नाही?" मुंबईतल्या कुठल्याही शाळेत ओपन डेला जरा वेळ उभं राहा, हे वाक्य कानावर पडणारच. आईचा चेहरा उतरतो, बाबा आले असतील तर ते तिथल्या तिथे पोराला धपाटा घालायच्या बेतात, आणि टीचर पुढच्या पालकांकडे वळतात कारण बाहेर अजून वीस-पंचवीस जण ताटकळलेत. मग ट्युशन लागते किंवा असलेली बदलते. कशामुळे वाचता येत नाही हे मात्र कुणीच विचारलेलं नसतं.

आणि तिथेच सगळी गोम आहे, कारण वाचता न येण्याची कारणं एकमेकांपासून पार वेगळी असू शकतात आणि तरी वर्गात उभं राहून बघितलं तर सगळी सारखीच दिसतात. समजा चौथीतला एक मुलगा आहे, त्याला सोहम म्हणू. फळ्यावरचं उतरवताना चुकतो, मोठ्याने वाचायला सांगितलं की गप्प, वही अर्धी. आता त्याला लांबचं नीट दिसत नसेल हे शक्य आहे, आणि ते त्याने कधी सांगितलं नसेल कारण जग सगळ्यांनाच असं धूसर दिसतं असं त्याला वाटतं. किंवा सारखी सर्दी होऊन मधल्या कानात पाणी साचत असेल. त्यात साधारण २० ते ३० डेसिबलने ऐकू कमी येतं, तेही कधी येतं कधी जातं, म्हणून बाईंना वाटतं "याला पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं". किंवा घरची भाषाच वेगळी. महापालिकेच्या शाळा आठ भाषांमधून चालतात, जगात किती शहरं असं करत असतील देव जाणे, पण घरी भोजपुरी किंवा वडारी बोलणाऱ्या पोराला त्या आठातही घरची भाषा सापडत नाही. किंवा चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, घर ट्रान्झिट कॅम्पात, शाळा दोन बस लांब, आणि दुसरीचं अर्धं वर्ष असंच गेलं. किंवा अंगात लोह कमी, डबा नाही, अकरा वाजता डोळे मिटतायत. किंवा डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षर आणि आवाज यांची जोडी लावायलाच मेंदूला पडणारे कष्ट.

आणि अडथळा दरवेळी पोरात किंवा घरातच असतो असंही नाही. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेची गोष्ट मुंबईकरांनी तर वाचायलाच हवी. शाळेच्या एका बाजूने उंचावरून लोकल धावायची, दर साडेचार मिनिटांनी एक, आणि ती गेली की बाईंना बोलणं थांबवावं लागायचं. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये त्या बाजूच्या वर्गांची आणि मागच्या शांत बाजूच्या वर्गांची वाचनाची पातळी ताडून बघितली, तर ट्रेनच्या बाजूची सहावीची मुलं जवळजवळ एक वर्ष मागे निघाली. शाळा तीच, शिक्षक तसेच, फक्त खिडकी वेगळी! पुढे रुळांखाली रबराचे पॅड बसवले, वर्गांना आवाज शोषणारं छत लावलं आणि १९८१ च्या अहवालात दोन्ही बाजू बरोबरीला आल्या. त्या मुलांना वर्षानुवर्षं रेमेडियलला, म्हणजे मागे पडलेल्यांच्या जादा वर्गाला, बसवलं असतं तरी ट्रेन काही थांबली नसती. आपल्याकडे रुळांना चिकटून, फ्लायओव्हरखाली, मेट्रोच्या खोदकामाशेजारी किती शाळा आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको.

तर मुद्दा असा की ही सगळी कारणं एका वर्गशिक्षिकेला एकटीने ओळखता येणं अशक्य आहे, चाळीस-पन्नास मुलं समोर असताना तर सोडाच. म्हणून जगभर शाळेत एक छोटा गट ठेवायची पद्धत आलीय, सपोर्ट टीम म्हणा. मला यातलं दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट वाटतं. वर्णभेदाच्या काळात तिथे स्पेशल शाळासुद्धा गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या होत्या. २००१ मध्ये त्यांनी श्वेतपत्रिका काढून ठरवलं की मुलात काय खोट आहे हे शोधत बसायचं नाही, शिकण्याच्या वाटेत काय आडवं येतंय ते शोधायचं, मग ते अपंगत्व असो, गरिबी असो, भाषा असो नाहीतर शिकवायची पद्धत. २०१४ च्या धोरणात त्याचे फॉर्मसुद्धा ठरले. पहिला फॉर्म वर्गशिक्षकाने भरायचा, काय अडचण दिसते आणि आपण स्वतः काय काय करून बघितलं. त्याने भागलं नाही तरच दुसरा, तो शाळेच्या टीमचा. तिथेही अडलं तर तिसरा, जिल्ह्याच्या टीमकडे. तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी वर्गात काय केलं ते लिहून द्यायचं, हे एवढं एक पाळलं तरी "याला नेऊन दाखवा कुठेतरी" हा आपल्याकडचा आवडता सल्ला निम्म्याने कमी होईल असं माझं मत आहे.

आपल्याकडे टीमचे तुकडे आहेत, टीम क्वचित. वर्गशिक्षिका आहे, हेडमास्तर आहेत, काही शाळांत काउन्सेलर आहे, सरकारी शाळांना समग्र शिक्षातून फिरते विशेष शिक्षक म्हणजे स्पेशल एज्युकेटर येतात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून डोळे-कान तपासायची सोय आहे. पण चष्म्याची चिठ्ठी एका फायलीत, हजेरी दुसऱ्या रजिस्टरमध्ये आणि वाचनाच्या चाचणीचे मार्क तिसरीकडे, हे तिन्ही कागद एका टेबलावर आणून कुणी बघतच नाही. खरं काम ते टेबल आहे.

त्या टेबलावर काय चालतं ते जरा जवळून बघू. समजा तीन मुलांना एकच वाक्य वाचायला दिलं, "सूर्य मावळला तशी चिमणी घरट्याकडे परतली." स्पेशल एज्युकेटर शेजारी बसून मुलं जसं वाचतील तसं, चुकांसकट, लिहून घेतेय. पहिला मुलगा म्हणतो "सू... सूय... माव... मावला", चिमणी कसंबसं वाचतो, घरट्याकडेला "घरी" म्हणून मोकळा होतो. पण मग त्याला गोष्ट तोंडी सांगितली तर सगळं समजतं, वर चिमणीबद्दल दोन प्रश्न तोच विचारतो. दुसरी मुलगी एकेक अक्षर बरोबर वाचते, जोडाक्षरंसुद्धा, पण एका सुरात, आणि चिमणी कुठे गेली विचारलं की गप्प, कारण मावळणं आणि घरटं हे शब्दच तिने कधी ऐकलेले नाहीत. तिसरा पुस्तकातून धडाधड वाचतो. तेच वाक्य फळ्यावर लिहिलं की अडकतो.

तिघांच्याही प्रगतिपुस्तकावर "वाचन सुधारणे आवश्यक" असा एकच शेरा. पण तिसऱ्याला चष्मा लागणार, दुसरीला मराठी ऐकायला-बोलायला मिळायला हवी आणि पहिल्याची डिस्लेक्सियाच्या दृष्टीने तपासणी करायला हवी. यांची औषधं अदलाबदल केली तर तिघांचंही वर्ष वाया!

पहिल्याच्या चुका नीट बघितल्या तर आपली लिपी किती चकवते तेही कळतं. "सूर्य" बोलताना र आधी येतो आणि य नंतर, पण लिहिताना तो र रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. "चिमणी"तली पहिली वेलांटी च च्या आधी काढतात, उच्चार मात्र च च्या नंतर. शिवाय "परतली"तला त पूर्ण लिहिलेला असतो पण बोलताना आपण तो अर्धाच म्हणतो. आपल्याला हे कधी जाणवतही नाही, पण आवाज आणि अक्षर यांची जोडी लावायलाच ज्या मेंदूला कष्ट पडतात त्याला प्रत्येक शब्द म्हणजे नवीन कोडं. डिस्लेक्सियाच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच अडचण असते, नजरेची नाही. "कमळमधला क काढला तर काय उरतं?" असं तोंडी विचारून बघा, पुस्तक न उघडताच बरंच कळतं. इंग्रजीसाठी बनवलेल्या चाचण्या यासाठी चालत नाहीत हे उघड आहे, म्हणून मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये डाली नावाचा चाचणीसंच आणला, त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. आणि हो, हुशारीचा याच्याशी संबंध नाही. २०११ मध्ये अमेरिकेत वाचायला अडखळणाऱ्या मुलांचे मेंदू स्कॅन केले, तेव्हा बुद्ध्यांक जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या मुलांत शब्दांच्या आवाजाचं काम करताना एकाच प्रकारची कमी हालचाल दिसली. त्यामुळे "हुशार आहे पण आळशी" आणि "ढ आहे" ही दोन्ही लेबलं एकाच कचऱ्याच्या डब्यात टाका. शाळकरी मुलांत लर्निंग डिसॅबिलिटीचं (एलडी, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, डिस्लेक्सिया त्यातलाच एक प्रकार) प्रमाण ५ ते १५ टक्के धरतात, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन ते सहा जण.

कारण कळलं की पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते सुटतं. तीन-चार मुलांचा गट, आठवड्यातून काही वेळा अर्धा-पाऊण तास, नेमकं जिथे अडतंय तेवढंच, आणि दर एक-दोन आठवड्यांनी तीच छोटी चाचणी घेऊन ग्राफवर टिंब. सहा-आठ आठवड्यांत रेघ वर चढली नाही तर मुलाला दोष न देता पद्धत बदलायची. तरीही नाही तर एकास एक.

पण टीम नेमली आणि गट पाडले की झालं, असंही नाही बरं का. अमेरिकेत २०१५ मध्ये १३ राज्यांतल्या १४६ शाळांमध्ये अशा पद्धतीची मोठी पाहणी झाली. त्यात पहिलीतली जी मुलं कटऑफच्या जेमतेम खाली होती आणि म्हणून जादा मदतीच्या गटात गेली, ती वाचनात जेमतेम वर असलेल्यांपेक्षा मागे पडलेली दिसली. अपेक्षेच्या बरोबर उलटं! कारणांवर अजून वाद आहेत, पण एका चाचणीवरून गट पाडणं, ज्याला जे नको तेच देणं आणि वर्गातला वाचनाचा नेहमीचा तास बुडवून बाहेर नेणं, या तीन गोष्टींवर बोट ठेवलं गेलं. तिसरी तर आपल्याकडे सर्रास चालते. रेमेडियलसाठी भाषेच्याच तासाला उठवायचं, नाहीतर पीटीच्या, म्हणजे पोराला दिवसभरात जो एक तास बरा वाटतो तोही गेला.

उशीर हा वेगळाच विषय. वाचनाचे अभ्यासक कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं की ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, त्याचे शब्द वाढतात, म्हणून अजून सोपं जातं, आणि ज्याला येत नाही तो टाळतो म्हणून अजून मागे पडतो. सावकाराच्या व्याजासारखं आहे ते, दुसरीतलं छोटं कर्ज सातवीपर्यंत विज्ञान, इतिहास, गणितातल्या शाब्दिक उदाहरणांसकट सगळं घर गिळतं. आणि मुंबईत आपण जागे कधी होतो, तर नववीत! कारण तेव्हा बोर्डाच्या सवलती आठवतात. या सवलती मोठीच गोष्ट आहे, १९९६ मध्ये दहावीला त्या रीतसर देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, आणि २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने २१ प्रकारांत लर्निंग डिसॅबिलिटीही घेतली. पण रायटर, जास्तीचा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, यांनी परीक्षा पार पडते, वाचायला शिकवलं जात नाही. सवलतींसाठी लागणारं एलडीचं सर्टिफिकेट मिळालं म्हणून रेमेडियल बंद केलेले पालक मी पाहिलेत, आणि राग त्यांचा येत नाही, त्यांना कुणी फरकच समजावून सांगितलेला नसतो.

माणसंही कमी आहेत. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये प्राथमिकला विशेष गरजांच्या दर १० मुलांमागे आणि त्यापुढे दर १५ मुलांमागे एक स्पेशल एज्युकेटर असं प्रमाण घालून दिलं. तुमच्या मुलाच्या शाळेत कायमस्वरूपी एकतरी आहे का, ते पालकसभेत विचारून बघा.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर सायनसारख्या पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या एलडी क्लिनिकमध्ये डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर मिळून तपासतात, एका फेरीत काम होत नाही, त्यामुळे सुट्टीची सोय करून ठेवा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, आणि जाताना फक्त मार्कशीट नको, मुलाच्या हातच्या जुन्या वह्या न्या, चुका त्यातच दिसतात. केंद्राच्या नियमांप्रमाणे हे सर्टिफिकेट आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, म्हणून कित्येक शाळा "तिसरीनंतर बघू" म्हणतात, पण तो नियम फक्त कागदाला आहे. गटात बसवून शिकवायला, चष्मा लावायला, पुढच्या बाकावर घ्यायला कुठलंच वय लागत नाही. पुढे चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, मग अठराव्या, आणि अठराव्या वर्षी मिळतं ते आयुष्यभर चालतं.