आवाज येतोय, चित्र नाही: रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या व्यवसायाची पार्श्वभूमी

‘आवाज येतोय, पण चित्र नाही’ ही आजच्या एलईडी टीव्हीची नेहमीची तक्रार. जाणता मेकॅनिक आला, तर आधी खोलीतला दिवा घालवतो, खिडकीचा पडदा ओढतो आणि टॉर्च काळ्या स्क्रीनला जवळजवळ टेकवून धरतो. उजेडाच्या त्या गोलात बातम्या देणारीचा चेहरा पुसट हलताना दिसला की निदान झालं. पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारी काच, शाबूत आहे, तिच्यामागची उजेड देणारी बॅकलाइटची पट्टी गेली आहे. या पट्ट्यांवरचे एलईडी एकसर जोडलेले असतात. एक उडाला की दिवाळीतल्या माळेसारखी अख्खी ओळ विझते. पट्टी बदलली की टीव्ही पुन्हा चालू. हे ज्याला माहीत नाही तो ‘डिस्प्ले गेला, नवीन घ्या’ म्हणून मोकळा होतो.

एकाच बिघाडाला दोन माणसं दोन उत्तरं देतात, ती का, हे कळायला या धंद्याचा मागचा काळ पाहावा लागतो.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. रेडिओ तेव्हा मोजक्या घरांतच होता. १९३३च्या कायद्यानंतर तो बाळगायला परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. ही पद्धत १९८०च्या दशकात जाऊन संपली. मर्फीचे सेट ठाण्याच्या कारखान्यात बनत. फिलिप्स, बुश ही नावंही घरोघर माहीत होती. आत काचेचे व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधी त्याचं काम करणारे, बल्बसारखे दिसणारे भाग. स्विच लावला की ते तापायला वेळ घ्यायचे आणि मग आवाज यायचा.

त्या काळच्या ‘एसी-डीसी’ सेटमध्ये सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर एकसर जोडलेले असत. एकाची तार तुटली की सगळेच थंड. मेकॅनिक मीटर लावून एकेक हीटर तपासत जायचा, तुटलेला सापडला की तो व्हॉल्व्ह सॉकेटमधून उपसून नवा बसवायचा. म्हणजे टॉर्च लावून आज जो प्रश्न सोडवतात, तोच तेव्हाही होता. माळ कुठे तुटली?

पण एक मोठा फरक होता, आणि माझ्या मते सगळं त्यात आलं. व्हॉल्व्हवर नंबर छापलेला असे, तो बाजारात मिळे, आणि सेटचा सर्किट डायग्राम मेकॅनिकच्या हाती पडे. कधी तो सेटसोबत घडी घालून येई, कधी कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा कागद झाकणाच्या आतच चिकटवलेला असे. बनवणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्यासाठी लिहून ठेवलेली ती चिठ्ठीच. ती वाचता आली की मॅट्रिकपर्यंत शिकलेला मुलगाही या कामात उभा राहू शकायचा. १९५०मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, पुढे आयटीआयमध्ये ‘रेडिओ आणि टेलिव्हिजन मेकॅनिक’ हा ट्रेड रुळला आणि सर्टिफिकेट भिंतीवर लावलेली दुकानं तालुक्याच्या गावांपर्यंत दिसू लागली. मध्ये ट्रान्झिस्टरने रेडिओ वीज नसलेल्या वाड्यावस्त्यांवर नेला. तिथले बिघाड साधे: सेल पाझरून गंजलेली स्प्रिंग, व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर, स्टेशन दाखवणाऱ्या काट्याची तुटलेली दोरी.

खरी उलथापालथ टीव्हीने केली. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रातून ते पुण्यात दिसू लागलं. पुण्याच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेना उभे राहिले आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, सिंहगडाकडे! बसवण्याचं काम इथून मेकॅनिकच्या कामात आलं. तो गच्चीवर पाइप फिरवतोय, घरातलं पोर खिडकीतून ओरडतंय, ‘अजून मुंग्या आहेत!’, मग ‘आलं, आलं!’, आणि पाइप हातातून सोडला की पुन्हा मुंग्या. माणसाचं अंगही सिग्नलवर परिणाम करतं, हे कसलेल्या मेकॅनिकला ठाऊक असे. म्हणून तो नट आवळून बाजूला सरकायचा आणि मगच खाली विचारायचा.

घरातल्या कामाला धीर लागे. पिक्चर ट्यूबला, म्हणजे जुन्या टीव्हीतल्या चित्राच्या मोठ्या काचेच्या नळीला, हजारो व्होल्टचा दाब लागतो. कलर सेटमध्ये तो २५,००० व्होल्टच्या आसपास असायचा आणि सेट बंद केल्यावरही ट्यूबमध्ये साठून राहायचा. म्हणून पेचकसाला वायर बांधून ती सेटच्या अर्थिंगला जोडायची, मग ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली पेचकसाचं टोक सरकवायचं. ‘चट्’ असा आवाज आला की हात घालायला हरकत नाही. ॲडजस्टमेंट मागून आणि चित्र पुढे, म्हणून घरातला आरसा मागून घेऊन टीव्हीसमोर ठेवला जाई. कार्यक्रम सुरू होण्याआधी दूरदर्शन टेस्ट पॅटर्न दाखवायचं. त्यातलं वर्तुळ आरशात गोल दिसेपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. अंडाकृती दिसलं तर काम अपुरं. चित्राच्या आडव्या ओळी काढणारा लाइनचा भाग चालू आहे की नाही हे तर कानाने कळे, कारण आपल्या ६२५ ओळींच्या पद्धतीत तो सेकंदाला १५,६२५ वेळा धडधडतो आणि तरुण कानांना ती बारीक शिट्टी ऐकू येते. शिट्टी नाही म्हणजे बहुधा त्या भागातला एलओटी हा ट्रान्सफॉर्मर किंवा बीयू-२०८ ट्रान्झिस्टर गेलेला. सुटे भाग आणायला मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचा परिसर.

१५ ऑगस्ट १९८२पासून दूरदर्शन रंगीत झालं, नोव्हेंबरात एशियाड आलं. मग लहान प्रक्षेपण केंद्रांमुळे चित्र छोट्या शहरांत पोचलं, आणि औरंगाबादेत व्हिडिओकॉनसारखे कारखाने उभे राहिल्यावर टीव्हीही भराभर आले. जानेवारी १९८७मध्ये रविवार सकाळचं रामायण सुरू झालं. ‘कसंही करा, पण उद्या सकाळी चालू पाहिजे’ हे शनिवारी संध्याकाळी दुकानात ऐकू येणारं वाक्य. त्या एका टीव्हीसमोर अर्धी चाळ बसणार असे, त्यामुळे मेकॅनिकची त्या गल्लीतली पत शनिवारी रात्री ठरायची.

व्हीसीआर आला, त्याची हेडं साफ करता करता काही वर्षं गेली. १९९१नंतर केबल आली आणि कित्येक मेकॅनिक केबलवाले झाले. २००३नंतर डीटीएचच्या छत्र्या आल्या. उपग्रह विषुववृत्तावर, म्हणून महाराष्ट्रातल्या छत्र्या दक्षिणेच्या अंगाला वळलेल्या. ३१ ऑक्टोबर २०१२ला मुंबईत आणि ३१ मार्च २०१३ला पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत केबल डिजिटल करायची मुदत संपली आणि घरोघर सेटटॉप बॉक्स बसले. बसवण्याचं काम भरपूर होतं. दुरुस्तीचं मात्र आटत गेलं.

सपाट टीव्हीत पॅनलच्या काचेच्या कडेला केसासारख्या बारीक तारांच्या पट्ट्या उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेल्या असतात. त्या सोल्डरने जोडता येत नाहीत, त्यासाठी बाँडिंग मशीन लागतं आणि ते गल्लीतल्या दुकानाला परवडत नाही. त्यामुळे ‘पॅनल गेलं’ हे दर वेळी खोटं नसतं, हे मेकॅनिकच्या बाजूने सांगायलाच हवं. पण बाकी बोर्डांचं काय? कोणता भाग का जळाला हे शोधण्यापेक्षा अख्खा बोर्ड बदलणं कंपनीला सोयीचं, आणि सर्किट डायग्राम बाहेरच्या मेकॅनिकला सहसा मिळत नाही. ती झाकणातली चिठ्ठी गेली. कंपनीकडून येणारा मुलगा कमी हुशार नसतो. त्याला शोधायला वेळ आणि कागद दोन्ही दिलेलं नसतं.

जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने विचारात घेतलेल्या चार क्षेत्रांत घरगुती उपकरणंही आहेत. दुरुस्तीची माहिती एके ठिकाणी मिळावी म्हणून पोर्टलही सुरू झालं.

बाजाराने मात्र आपली वाट आधीच काढली आहे. पोराने बॉल मारून स्क्रीन फोडली, की त्या टीव्हीचं पॅनल भंगारात जातं, पण पॉवर सप्लाय, पॅनलला चित्राचा सिग्नल पोचवणारा टी-कॉन बोर्ड आणि मदरबोर्ड शाबूत असतात. ते उतरवून, मॉडेल नंबर मार्करने लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत दुकानाच्या फळीवर उभे करून ठेवतात. तसंच मॉडेल बंद पडून दारात आलं की फळीवरून पिशवी निघते.