बहुमत वेगळं, सहमती वेगळी: विकिपीडियावरचे वाद मिटतात कसे

नागपूरच्या झीरो माइलवर लेख लिहायला घेतला की एक वाक्य हातून आपोआप उतरतं: हा भारताचा भौगोलिक मध्यबिंदू आहे. इथं वाढलेल्या माणसाला त्यात काही खटकत नाही. स्तंभ आणि ते चार घोडे दाखवताना पाहुण्यांना आपण हेच सांगत आलो. आता समजा, एका संपादकानं ते वाक्य काढलं आणि लिहिलं की हा ब्रिटिश काळातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा दगड आहे, मध्यबिंदूचा दावा लोकप्रिय आहे, पण फाळणीनंतर देशाची हद्दच बदलली. संध्याकाळी दुसऱ्यानं जुनं वाक्य परत आणलं. पहिल्यानं तेही उलटवलं. मग लेखाला जोडलेल्या, संपादकांनी आपसात बोलायच्या चर्चा पानावर आठ जण आले आणि 'मध्यबिंदूच आहे, ठेवा' असं लिहून, सही करून गेले. विरोधात एकटाच उरला.

आठ विरुद्ध एक. कुणालाही वाटेल, लागला निकाल. विकिपीडियाच्या रीतीनं पाहिलं तर अजून काहीच ठरलेलं नाही.

बहुमतात डोकी मोजतात. सोसायटीच्या सभेत हात वर करायला सांगतात, सचिव मोजतो, ठराव मंजूर. कुणी हात का वर केला, हे विचारायचं कारण नसतं. सहमतीत नेमका तोच प्रश्न विचारला जातो. चर्चेचा समारोप करणारा संपादक शक्यतो त्या वादात न पडलेला असतो. तो प्रत्येक मत वाचतो आणि पाहतो की त्यामागचं कारण काय, ते धोरणात बसतं का, त्याला विश्वासार्ह संदर्भ आहे का. आठ जणांपैकी चौघांनी 'हे सगळ्यांनाच माहीत आहे' असं लिहिलं असेल, तर त्या चार मतांचं वजन मिळून एका मताइतकंही भरत नाही. दोघांनी वर्तमानपत्रांचे दुवे दिले, पण एका बातमीतलं वाक्य दुसरीनं जसंच्या तसं उचललं असेल, तर तो संदर्भ एकच. 'हा नागपूरचा अपमान आहे' म्हणणाऱ्याची भावना खरी असेल, पण लेखात काय लिहायचं हे तिच्यावरून ठरत नाही.

म्हणून एकटा जिंकला, असंही नाही. त्यानं घरी बसून नकाशावर अक्षांश-रेखांश मांडून नवा मध्यबिंदू काढला असेल, तर ते त्याचं स्वतःचं संशोधन झालं आणि विकिपीडियावर मूळ संशोधनाला जागा नाही. त्यालाही छापील, तपासता येईल असा आधार आणावा लागेल. सगळ्यांचे संदर्भ समोर ठेवले की बहुतेक वेळा तिसरंच वाक्य तयार होतं: दगड सर्वेक्षणातला, मध्यबिंदूचा दावा कोण करतं, आणि त्यावर आक्षेप काय. 'मध्यबिंदू म्हणून ओळखला जातो' एवढ्यावर थांबणं मला आळशीपणाचं वाटतं. कोण ओळखतं ते सांगा की! पण निदान ते 'आहे' पेक्षा बरं.

दुसरं उदाहरण दीक्षाभूमीचं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, याबद्दल वाद नाही. पण त्या वेळी किती अनुयायी दीक्षित झाले, याचे आकडे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे आहेत. इथं मतदान घेतलं तर काय होईल? एक आकडा जिंकेल, बाकीचे पुसले जातील, आणि वाचकाला कधी कळणारही नाही की अभ्यासकांत मतभेद होते. मतदानात पर्यायांपैकी एक निवडावाच लागतो. चर्चेत दोन आकडे शेजारी ठेवता येतात, कोणता कुणाचा ते सांगून. भूतकाळात एखाद्या मैदानावर किती माणसं होती, ही गोष्ट आज कुणी हात वर केल्यानं बदलत नाही.

मग गोंधळ होतो कुठून? पानाच्या दिसण्यातून. चर्चेत लोक ठळक अक्षरांत 'पाठिंबा', 'विरोध' लिहितात, खाली सही करतात. मराठी विकिपीडियावर 'कौल' मागायची पद्धतही आहे. हे सगळं हुबेहूब मतपत्रिकेसारखं दिसतं. नवखा माणूस 'पाठिंबा' लिहून, पुढे एक अक्षरही न लिहिता निघून जातो आणि मत नोंदवल्याच्या समाधानात राहतो. खरं तर त्या शब्दाच्या पुढचं वाक्यच महत्त्वाचं असतं. शब्द फक्त समारोप करणाऱ्याच्या सोयीसाठी, कोण कुठल्या बाजूला आहे ते चटकन दिसावं म्हणून.

याचा मोठा दाखला इंग्रजी विकिपीडियावर आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिथं संकेतस्थळाची नवी मांडणी लागू झाली, 'व्हेक्टर २०२२' नावाची. पुष्कळ जणांना ती आवडली नाही, जुनी मांडणी परत आणा म्हणून मोठी चर्चा झाली. परत आणा म्हणणारे संख्येनं जास्त होते. तरीही समारोप करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की परत आणण्यावर सहमती झालेली नाही, आणि नवी मांडणी राहिली. या निर्णयावर चिडलेले लोक आजही सापडतील. त्यांचा राग मला समजतो, कारण कारणांचं वजन करण्याचा अधिकार शेवटी दोन-तीन माणसांच्या हाती जातो. मोजणीत निदान हा प्रश्न येत नाही.

मोजणीला विकिपीडियावर जागाच नाही, असंही समजू नका. जिथं माणसं निवडायची असतात तिथं आकडे चालतात. सर्व विकी प्रकल्पांवर खात्यांचे अधिकार देण्या-काढण्याचं काम करणाऱ्या स्टुअर्डांची दरवर्षी निवडणूक होते आणि किमान ३० पाठिंबे व ८० टक्के अनुकूल मतं लागतात. इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीसाठी तर गुप्त मतदान होतं. ही समितीसुद्धा लेखात काय लिहावं यावर निकाल देत नाही, फक्त संपादकांच्या वागणुकीचा निवाडा करते. जर्मन विकिपीडियावर धोरणांवरही औपचारिक मतदान होतं आणि मताधिकारासाठी लेखांत किमान २०० संपादनं व दोन महिन्यांचा सहभाग लागतो. या अटी कशाला, हे व्हॉट्सअॅपच्या गटात असलेल्या कुणालाही सांगायला नको. 'आपल्या लेखावर संकट आलंय, सगळ्यांनी जाऊन पाठिंबा द्या' असा निरोप टाकायला अर्धा मिनिट लागतो. तासाभरात चर्चा पानावर पंधरा नवी खाती, सगळ्यांचं पहिलंच संपादन, सगळ्यांचं एकच वाक्य. एकाच माणसानं अनेक खाती उघडली असतील तर ती कठपुतळी खाती म्हणून बंद होतात. खरोखर वेगळी माणसं असली तरी बोलावून आणलेल्या गर्दीला समारोपात फारसं धरत नाहीत. बहुमत असं बनवता येतं. पंधरा वेगळे, भक्कम संदर्भ बनवणं मात्र जमत नाही.

आता सहमतीची दुखरी बाजू. ज्याच्याकडे वेळ जास्त, त्याची सरशी होते. रोज रात्री तीन परिच्छेद लिहिणाऱ्यापुढे नोकरी सांभाळून येणारा संपादक आठवड्याभरात थकतो आणि गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं संमती म्हणून वाचलं जातं. इंग्रजीत इतकी माणसं आहेत की कुणी ना कुणी मध्ये पडतं. तिथं सामान्यतः तीस दिवस उघडी राहणारी मतमागणी आहे, त्रयस्थाचं मत मागायचं पान आहे, शिवाय २४ तासांत एकाच पानावर तीनदाच्या पुढे उलटवलं तर प्रतिबंध येऊ शकतो. मराठीत तेवढी वर्दळ नाही. एखाद्या लेखावर दोघंच जण भांडत असतात आणि बघणारं कुणी नसतं. अशा जागी 'सहमती झाली' हा शब्द जपून वापरावा. लेखाच्या चर्चा पानावर नुसती वाट पाहण्यापेक्षा चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर जाऊन एक निवेदन टाका: वाद कोणत्या वाक्याचा, दोन्हीकडचे संदर्भ कोणते. कुणाची बाजू घ्या असं त्यात लिहू नका. तसं लिहिलं की ते आमंत्रण राहत नाही, प्रचार होतो. तुम्हाला काय हवंय हे कळू न देता निवेदन लिहिता आलं, तरच ते टाका.

आणखी एक फरक लोकांच्या ध्यानात येत नाही. मतदानातून लेखाचा तटस्थ दृष्टिकोन रद्द करता येत नाही, तसा तो सहमतीतूनही करता येत नाही. एखाद्या लेखावरचे सगळेच संपादक एका विचाराचे असले आणि त्यांनी एकमुखानं ठरवलं की आमच्या नेत्यावरची टीका लेखात नको, तरी ते ठरवणं टिकत नाही. प्रचालकानं (जादा अधिकार असलेल्या संपादकानं) किंवा बाहेरच्या कुणी संदर्भासह ती टीका परत आणली तर या एकमताचं नाव पुढे करून ती उलटवता येणार नाही.

आणि सहमती झालीच नाही तर? मतदानात बरोबरी क्वचित होते, पण चर्चा अधांतरी राहणं इथं नेहमीचं आहे. तेव्हा साधारणपणे वादापूर्वीची आवृत्ती कायम राहते. लेख वगळण्यावर सहमती नसेल तर लेख राहतो. हयात व्यक्तीच्या लेखातला वादग्रस्त मजकूर मात्र उलट्या बाजूनं पाहिला जातो: त्यावर सहमती नसेल तर तो बहुधा काढला जातो. त्यामुळे वाद सुरू करण्याआधी पानाचा इतिहास उघडून, तुमचं वाक्य जुनं आहे की नवं, हे पाहून घ्या. जुनं असेल तर चर्चा रेंगाळली तरी तुमचं फारसं बिघडत नाही. नवं असेल तर संदर्भ शोधायचं काम तुमचं.