बबल दुप्पट करायचा म्हणजे नक्की काय दुप्पट करायचं?

हल्ली कुठलाही रिपोर्ट उघडा, दोनचार रंगीत बबल हमखास असतातच आणि त्यातले कितीतरी चुकीचे काढलेले असतात. आकडा दुप्पट झाला की गोलाचा व्यासही दुप्पट करायचा, असा भल्याभल्यांचा समज आहे. बबल चार्ट इतका देखणा आणि कामाचा प्रकार आहे की त्याची ही अवस्था बघून खरंच वाईट वाटतं.

साध्या स्कॅटर प्लॉटमध्ये एक माहिती आडव्या अक्षावर, एक उभ्या अक्षावर. ठिपक्याला लहानमोठा आकार दिला की तिसरी माहिती बसते आणि तोच बबल चार्ट होतो, रंग दिला की चौथी. जगाचे आकडे सोपे करून सांगणारे स्वीडिश डॉक्टर हान्स रोसलिंग यांचं २००६ चं टेड परिषदेतलं भाषण जरूर बघा, आडव्या अक्षावर एका बाईमागे किती मुलं, उभ्यावर सरासरी आयुर्मान, प्रत्येक देश एक बबल, आकार लोकसंख्येएवढा, आणि मग १९६२ पासून वर्षं पुढे सरकतात तसतसे देश लहान कुटुंब आणि मोठ्या आयुष्याच्या कोपऱ्याकडे जायला लागतात. आकड्यांचा ढीग वाचून हे कधीच डोक्यात शिरलं नसतं.

आता मुद्द्याची गोष्ट. गोल बघताना डोळा त्याचा व्यास मोजत बसत नाही, गोलाने किती जागा व्यापलीय ते बघतो. क्षेत्रफळ म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, हे शाळेत झालंय. समजा दोन आकडे आहेत, १०० आणि ४००. पहिल्याची त्रिज्या १० मिलिमीटर घेतली तर दुसऱ्याची २० हवी, कारण ४ चं वर्गमूळ २. कुणी सरळ ४० घेतली तर क्षेत्रफळ १६ पट होतं, म्हणजे चौपट फरक सोळापट दाखवला! गोलाला शेडिंग देऊन चेंडू केला तर आणखी घोळ, आता बघणारा घनफळाचा विचार करायला लागतो आणि ते त्रिज्येच्या घनावर चालतं. थ्रीडी चार्ट दिसायला भारी असतील पण त्यातून माहिती काडीची वाढत नाही.

पण वर्गमूळ घेऊनही सगळं सुटत नाही. मोठा गोल आपल्याला आहे त्यापेक्षा जरा लहानच वाटतो. नकाशाशास्त्रज्ञ जेम्स फ्लॅनरी यांनी यावर प्रयोग करून सुचवलं की त्रिज्या ठरवताना आकड्याचा घातांक ०.५ (म्हणजे वर्गमूळच) न घेता ०.५७ च्या आसपास घ्यावा. त्यांच्या हिशोबाने दहापट क्षेत्रफळाचा गोल डोळ्याला जेमतेम साडेसातपट वाटतो, म्हणून त्रिज्या ३.१६ पट न करता ३.७ पट करायची. सगळ्यांना हे पटत नाही, कारण प्रत्येकाचा डोळा सारखा फसत नाही, आणि मलाही साधं वर्गमूळ घेऊन बाजूला नमुन्याचे दोनतीन गोल आकड्यांसकट देणं जास्त प्रामाणिक वाटतं.

क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं की एकाच मोजपट्टीवर ठिपका कुठे आहे हे आपण सगळ्यात अचूक वाचतो, क्षेत्रफळ बरंच कमी अचूक. त्यामुळे महत्त्वाचा आकडा अक्षावर ठेवा आणि जिथे अंदाज पुरतो तो बबलमध्ये टाका. एक्सेलमध्ये बबलचा आकार क्षेत्रफळाने की रुंदीने असा पर्याय असतो, तिथे क्षेत्रफळच निवडा. मोठे बबल आधी काढा म्हणजे छोटे त्यांच्याखाली गडप होणार नाहीत, आणि रंग थोडे पारदर्शक ठेवा. नफा-तोट्यासारखे उणे आकडे असतील तर मात्र ते बबलच्या आकारात दाखवायच्या भानगडीत पडू नका, उणे क्षेत्रफळाचा गोल काढणार कसा, तिथे सरळ बार चार्ट करा.