तापट पेटी शांत पेटीला जोडून निवळत नाही

गोव्यात सत्तरी असो वा काणकोण, सातेरी म्हणजे पेटीत पोसल्या जाणाऱ्या देशी मधमाश्या पाळणाऱ्यांत हे हमखास ऐकू येते: चावरी पेटी शांत पेटीला जोडा, संगतीने दोन दिवसांत निवळेल. असे होत नाही.

माशीचा स्वभाव संगतीचा नाही, रक्ताचा. पेटीतल्या सगळ्या कामकरी माश्या एकाच राणीच्या लेकी. तेव्हा आधी चावऱ्या पेटीतली राणी शोधून काढायलाच हवी. दोन्ही राण्या ठेवून ‘जिंकेल ती राहील’ म्हणणे हा निव्वळ जुगार आहे. चावरीच उरली तर?

राणी काढली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शांत पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद अंथरा, खिळ्याने चार-पाच बारीक भोके पाडा आणि त्यावर चावऱ्या पेटीचा कोठा, म्हणजे पोळ्यांच्या चौकटींचा खोका, ठेवा. माश्या कागद कुरतडत राहतात, दारासमोर त्याचा भुसा पडू लागतो, तोवर दोघींचा वास एक झालेला असतो. थेट मिसळल्या तर मात्र कापाकापी होते.

यानंतर धीर हवा. जुन्या राणीची शेवटची अंडी माशी व्हायला सुमारे 3 आठवडे, पुढे त्या माशीचे आयुष्य महिना-दीड महिना. तोवर डंख बसणारच.

पण राणीवर हात टाकण्याआधी कृपा करून एवढे पाहा: पेटीला मुंग्या तर लागल्या नाहीत ना? पावसात फुलोरा आटला असेल तर साखरेचा पाक दिलात का? उपाशी पेटी चावतेच. काजू मोहरल्यावर तीच पेटी पुन्हा उघडून बघा.