माचा : आस्वाद आणि साठवण

माचा ही जपानमधील हिरव्या चहाची अतिशय बारीक दळलेली पूड होय. इतर हिरवा चहा गरम पाण्यात मुरवून पाने गाळून टाकली जातात. माचात मात्र पाण्यात घुसळलेले पान सगळेच पोटात जाते. त्यामुळे पान कसे होते आणि दळल्यानंतर ते कसे ठेवले गेले, या दोन्ही गोष्टी चवीत उतरतात.

माचासाठी वापरल्या जाणाऱ्या पानाला तेन्चा म्हणतात. खुडणीपूर्वी साधारण तीन आठवडे मळ्यावर आच्छादन घालून ऊन अडवतात. उन्हात एरवी ज्याचे तुरट कॅटेचिनांत रूपांतर झाले असते, ते थिआनिन हे अमिनो आम्ल त्यामुळे पानात टिकते आणि हरितद्रव्यही वाढते. खुडलेले पान लगेच वाफवून, न वळता वाळवतात, देठ व शिरा वेगळ्या काढतात आणि ग्रॅनाइटच्या जात्यावर दळतात. अशा एका जात्यातून तासाला जेमतेम ३० ते ४० ग्रॅम पूड पडते, कारण जाते भरभर फिरवल्यास ते तापून सुवास उडतो. क्योतोजवळचे उजी, आइची प्रांतातील निशिओ आणि फुकुओका प्रांतातील यामे ही माचाची नावाजलेली ठिकाणे आहेत.

दळल्याबरोबर पानाचा हवेशी संपर्क कैक पटींनी वाढतो आणि तेथूनच त्याची उतरण सुरू होते. जुन्या जपानी रीतीत म्हणूनच पूड साठवत नसत. वसंतात खुडलेला तेन्चा मातीच्या मोठ्या बरण्यांत तोंडबंद करून ठेवत, नोव्हेंबरमध्ये ‘कुचिकिरी’ या समारंभात बरणीचे तोंड उघडत आणि लागेल तेवढेच पान दळत. मधल्या महिन्यांत पानाचा हिरवट उग्रपणा ओसरून चव मुरते, असे जाणकार मानतात. जपानचे तत्कालीन लष्करी शासक असलेल्या तोकुगावा शोगुनांसाठी उजीहून एदोला (आजचे टोकियो) जाणाऱ्या या बरण्यांच्या मिरवणुकीला वाटेत सरदारांनाही रस्ता सोडावा लागे.

घरी येणारा डबा मात्र आधीच दळलेल्या पुडीचा असतो. त्यामुळे तो लहान घेणे हाच साठवणीचा पहिला उपाय ठरतो. एका पेल्याला २ ग्रॅम धरल्यास ३० ग्रॅमचा डबा १५ पेल्यांत संपतो आणि उघडल्यापासून महिना-दीड महिन्यात तो संपलेलाच बरा. डबा अपारदर्शक व हवाबंद असावा. सीलबंद डबा फ्रिजमध्ये ठेवता येतो, पण बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. नाहीतर हवेतील बाष्प थंड पुडीवर धरते आणि तिच्या गुठळ्या होतात. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात ही काळजी विशेष घ्यावी लागते. माचा आजूबाजूचे वासही चटकन ओढून घेतो. हिंग, चिरलेला कांदा किंवा पिकलेला फणस ज्या फ्रिजमध्ये आहे, तेथे डबा आणखी एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

चाखताना प्रथम चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर बोटाने पसरून पाहावी. ताजी, चांगली पूड तजेलदार हिरवी दिसते. हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून गेले की ती पिवळट, शेवाळी पडते. नंतर २ ग्रॅम पूड चाळून, ७५ ते ८० अंश सेल्सिअस तापमानाचे ६० ते ७० मिलिलिटर पाणी घालावे आणि आधी कोमट पाण्यात भिजवलेल्या ‘चासेन’ या बांबूच्या रवीने, मनगट पुढे-मागे हलवत घुसळावे. पाणी उकळते असेल तर चांगला माचाही कडवट लागतो. पहिला घोट दूध-साखरेविना घेऊन जिभेवर फिरवावा: उमामी ही भरीव, रसदार चव आणि किंचित गोडवा आधी जाणवतो, कडवटपणा मागून येतो आणि तुरटपणा शेवटी रेंगाळतो. हा क्रम उलटला आणि वाळक्या गवताचा वास आला, तर पूड हलकी तरी असावी किंवा शिळी. फेसावरून मात्र दर्जा ठरवू नये. जपानी चहा-समारंभाच्या उरासेन्के परंपरेत भरपूर फेस काढतात, तर ओमोतेसेन्केत पृष्ठभागाचा काही भाग मुद्दाम मोकळा ठेवतात. डब्यावरील ‘सेरेमोनियल ग्रेड’ हे शब्दही जपानी कायद्याने ठरवलेली प्रत दाखवत नाहीत. खरी पारख होते ती ‘कोइचा’ या दाट प्रकारात, कारण दुप्पट पूड आणि निम्मे पाणी असताना कोणताही दोष झाकला जात नाही.

शिळा माचा ओल किंवा बुरशी लागलेली नसल्यास सहसा अपायकारक नसतो आणि केक, आइस्क्रीम किंवा दुधात खपून जातो. २ ग्रॅम पुडीत सुमारे ६० मिलिग्रॅम कॅफीन असते, एवढे मात्र रात्री पिणाऱ्याने ध्यानात ठेवावे.